अर्जवाल्या भाभी

चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागलं की समाजसेवक सुरू होतात. भूगावच्या अलीकडे चार, भूगावात दहा-बारा, आणि भुकूमच्या वळणावर तर एकावर एक. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, कपाळाला गंध, कानाला मोबाइल, आणि खाली लिहिलेलं, 'युवा उद्योजक तथा समाजसेवक'. वाढदिवस आला की जुना फ्लेक्स उतरतो आणि त्याच माणसाचा नवा चढतो. मी याच रस्त्यावरून एसटीने शाळेत जात लहानाची मोठी झाले. त्यामुळे बारावीनंतर मला समाजकार्याची पदवी घ्यायची आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा माझ्या धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे बंडूकाकांनी, पहिला प्रश्न विचारला तो असा, "कंच्या पक्षाकडून?"

मला सांगायचंय ते मात्र अशा एका बाईंबद्दल, ज्यांचं नाव त्या रस्त्यावरच्या कुठल्याच फ्लेक्सवर कधी आलं नाही. रोशनबी तांबोळी. हे त्यांचं नाव मलाही उशिरा कळलं. तालुक्यात सगळे त्यांना 'अर्जवाल्या भाभी' म्हणतात. म्हणत. भाभी जाऊन आता काही वर्षं झाली, पण माझ्या तोंडी अजून 'म्हणतात' असंच येतं.

पौडला तहसील कचेरीच्या समोर, झेरॉक्सचं दुकान आणि चहाची टपरी यांच्यामधल्या बोळात, त्यांची पत्र्याची शेड होती. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल, एक लोखंडी खुर्ची, समोर बाक. टेबलावर कोरे कागद, कार्बन, शाईचा पॅड आणि एक ओलं फडकं. ते फडकं रोज स्वच्छ धुतलेलं असायचं. ते कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "अंगठा दिला म्हून मानसानं काळ्या बोटानं घरी का जावं?" त्या म्हणाल्या.

काटक अंगाच्या, सावळ्या, डोक्यावर घट्ट पदर, आणि चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. शिक्षण सातवी पास. खरे अर्जनवीस, म्हणजे लोकांचे कचेरीचे अर्ज लिहून देणारे, त्यांचे यजमान, इस्माईलचाचा. चाचांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हा ते शेजारी बसून सांगायचे आणि भाभी लिहायच्या. चाचा गेल्यावर विधवेने घरात काढायचे इद्दतीचे दिवस संपले आणि दुसऱ्याच सकाळी भाभींनी शेड उघडली. बाईच्या हातचा अर्ज साहेब घेतील का, अशी शंका तेव्हा एका पाटलांनी काढली होती म्हणे. भाभींनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "अर्जावर हात दिसत न्हाई, अक्षर दिसतं. ते बगा आन् मग बोला." अक्षर खरोखरच असं होतं की पाटलांनी बाक सोडला नाही.

त्यांची काम करण्याची एक रीत होती. माणूस समोर बसला की आधी पेन उचलायचंच नाही. त्याला बोलू द्यायचं. लोक आजोबापासून सुरू करत, भावकी, बांध, विहीर, मेलेली म्हैस असं सगळं फिरून येत. भाभी ऐकत. संपलं की म्हणायच्या, "आता परत सांगा, पन थोडक्यात." दुसऱ्यांदा ऐकून झालं की म्हणायच्या, "आता येका वाक्यात. तुमास्नी काय पायजे?" आणि गंमत अशी की त्या तिसऱ्या वेळेला पुष्कळांना कळायचं, की आपण ज्यासाठी आलो ते आपल्याला नकोच आहे, भलतंच काहीतरी हवंय. रडत असलेल्या माणसाचा अर्ज त्या लिहीत नसत. चहा मागवत आणि थांबत.

आणि विशेषणांशी तर त्यांचं उभं वैर. कुणी म्हटलं, "लिवा, मी अत्यंत गरीब विधवा बाई…" की भाभींचा हात थांबायचा. "विधवा लिहिते, त्याचा दाखला हाय. गरीब न्हाई लिहिनार. साहेबाफुडं येतो तो समदाच गरीब. उत्पन्नाचा दाखला लावा, त्यो बोलंल." लिहून झालं की अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि माणूस "व्हय, आसंच" म्हणाला की मगच सही किंवा अंगठा. धरणाच्या वरच्या अंगाने आलेली एक कातकरी म्हातारी एकदा पाच वेळा "आसं न्हाई" म्हणाली. भाभींनी पाच वेळा कागद बदलला. मागे खोळंबलेली माणसं कुरकुरायला लागली तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तिचा अर्ज हाय. तुमचा आल्यावर तुमी बी न्हाई म्हना." सहाव्या वेळेला म्हातारी हसली आणि अंगठा पुढे केला.

एवढ्या नेटक्या बाईंना एक खूळ होतं. पोच. अर्ज दिला की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय माणसाने पायरी उतरायची नाही, असा त्यांचा दंडक होता. लोक विसरून तसेच परत आले की त्या त्यांना पुन्हा आत पाठवत. हे खूळ कचेरीपुरतं राहिलं नव्हतं. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना त्यांनी पाव्हण्यांकडून दुसऱ्या प्रतीवर सह्या घेतल्या, असं पौडात अजूनही सांगतात. मी एकदा धीर करून खरं-खोटं विचारलं. भाभी गंभीरपणे म्हणाल्या, "समद्यांच्या न्हाई घेतल्या. जावंची तेवढी."

मी त्यांच्या बाकावर जाऊन बसले त्या वर्षी माझी अवस्था अशी होती. पुण्यातल्या एका महाविद्यालयात समाजकार्याची पदवी होती. जागा मोजक्या. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यातून निवडलेल्यांना मुलाखतीला बोलावणार. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी हसण्यावारी नेलं. "समाजसेवा फुकट करायची आस्ती. तिला डिग्री कशाला?" अण्णा पिरंगुटच्या एका कंपनीत पाळीवर होते, आठ तास उभं राहून येत, त्यांच्याशी वाद तरी किती घालणार? आणि त्याच सुमाराला महाळुंग्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. त्यांच्या जमिनीवर इमारती उठल्या होत्या, मुलाच्या वाट्याला तीन फ्लॅट होते, दारात पांढरी मोठी गाडी होती. मुलगा काय करतो, असं आईने विचारलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "समाजसेवा." मी ऐकत नाही म्हटल्यावर अण्णांनी निकाल दिला, "येकदा अर्ज भर. नंबर लागला तर जा. न्हाई लागला, तर मी पाव्हन्यास्नी हो म्हून कळवनार. फुडल्या वर्षी बगू वगैरे न्हाई." अण्णा शब्दाचे पक्के. दोन्ही बाजूंनी पक्के, हीच पंचाईत होती.

अर्जासोबत एक हेतुपत्र मागितलं होतं. 'आपणांस समाजकार्याचे शिक्षण का घ्यावयाचे आहे, हे आपल्या शब्दांत लिहा.' मी रात्र-रात्र जागून नाही, पण दोन दुपारी घालवून ते लिहिलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. तरी तालुक्यात सगळ्यात चांगले अर्ज लिहिणाऱ्या हातून ते तपासून घ्यावं म्हणून मी भाभींकडे गेले.

त्यांनी आधी प्रश्नच दोनदा वाचला. "का म्हून इचारलंय," त्या नवलाने म्हणाल्या. "आमच्या हितल्या अर्जाला आजवर कुनी का म्हून इचारलं न्हाई. आमचा आपला 'पायजे' हितपतूर." मग त्यांनी माझा कागद घेतला आणि वाचून दाखवायला सुरुवात केली, स्वतःच्या सवयीप्रमाणे मोठ्याने, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. "'बालपणापासूनच मला समाजसेवेची ओढ असून दीनदुबळ्यांचे अश्रू पुसणे हे माझ्या जीवनाचे ध्येय आहे.'" त्यांनी चष्मा वर ढकलला. "कुनाचं पुसलंस?"

"म्हणजे… असं कुणाचं नाही."

"येक नाव सांग. येकीचं."

मला एकही नाव सांगता येईना. बाकावरचे दोन म्हातारे माझ्याकडे बघत होते. भाभींनी कागद परत दिला. "हे मी तपासनार न्हाई. हे तुजं न्हाईच तर काय तपासू? आता सांग. पैल्यापासनं."

मग मी सांगितलं. आईचे पाय सुजून आले होते त्या वर्षी आम्ही पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात दोन दिवस नुसते व्हरांड्यात बसून होतो. कुठली खिडकी, कुठला कागद, काही कळत नव्हतं, आणि विचारलं की जो तो हाताने लांब कुठेतरी दाखवायचा. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी आम्हाला पाहिलं. त्यांचं तिथे एक टेबल होतं, त्यावर 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी. त्यांनी आईचे कागद लावून दिले आणि स्वतः उठून खिडकीपर्यंत आल्या. बस, एवढंच. भाभींनी ते तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळेला माझ्या तोंडून निघालं, "मला त्या बाईंसारखं टेबलामागं बसायचंय, आणि लोकांना कुठं जायचं ते सांगायचंय, आणि उठून त्यांच्यासंगं जायचंय."

"व्हय, आसंच?" भाभींनी विचारलं.

"व्हय. असंच."

"मग हेच लिही. आन् ध्येयबियेय काढ त्यातनं."

दुसऱ्या दिवशी बंडूकाकांनी माझ्यासाठी एक प्रमाणपत्र आणलं. त्यांच्या ओळखीच्या मंडळाचं, रंगीत, खाली तीन सह्या. 'कुमारी शीतल या गेली दहा वर्षे सामाजिक कार्यात अग्रेसर आहेत.' काकांना माझं भलंच करायचं होतं. मी तो कागद अर्जाला लावायचं ठरवून भाभींना दाखवला. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "दहा वर्सं? म्हंजी आठव्या वर्साला तू काय केलंस गं बाय, सामाजिक?" बाकावर हशा पिकला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये लावू नगंस. येक कागद खोटा निगाला की बाकीच्या चार खऱ्याकडं बी साहेब तसंच बगतो." प्रमाणपत्र मी घरी नेऊन ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. काकांना सांगितलं की लावलंय. एवढं एक खोटं मी त्या अर्जापायी बोलले.

उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला मिळेपर्यंत चार-पाच दिवस गेले आणि ते मी त्या बाकावरच काढले. तिथे एका दुपारी जे पाहिलं ते मला पुढे तीन वर्षांत कुठल्या वर्गात इतकं स्वच्छ समजलं नाही. भूगावकडून एक एजंट आला. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन. सोबत धोतरातले एक म्हातारेबुवा. एजंटाने मजकूर तयारच आणला होता. म्हाताऱ्यांच्या नावाने अर्ज, जमिनीच्या नोंदीला हरकत नाही असा. नुसता सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचा. भाभींनी तो वाचला आणि म्हाताऱ्यांना विचारलं, "बाबा, तुमास्नी काय पायजे?"

"मी सांगतो ना," एजंट म्हणाला.

"तुमाला न्हाई इचारलं."

म्हातारेबुवा एजंटाकडे बघायला लागले. भाभींनी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "ह्यो म्हनला चल, म्हून आलोय." भाभींनी पेनाचं टोपण लावलं. "ज्याचा अर्ज त्येनं बोलायचं. त्यास्नी म्हाईत न्हाई तर मी काय लिहू?" एजंट चिडला, वर ओळखी सांगून झाल्या, आवाज चढला. भाभी फडक्याने टेबल पुसत राहिल्या. शेवटी तो म्हाताऱ्यांना घेऊन दुसरीकडे निघाला, पण म्हातारेबुवा उठेनात. ते म्हणाले, "मला आदी हिला वाचून दाखवू दे, कशावर अंगठा मागत हुतास त्ये." भाभींनी अख्खा कागद दोनदा वाचून दाखवला. तो अर्ज त्या दिवशी लिहिला गेला नाही.

दाखले मिळाल्यावर मी भूगावला माझ्या मावसभावाकडे गेले. नितीनदादा एका आयटी कंपनीत होता, त्याच्या फ्लॅटवर लॅपटॉप होता. आम्ही दोघांनी बसून अर्ज भरला, फोटो चढवला, दाखले चढवले, हेतुपत्र चढवलं. मध्येच त्याला ऑफिसचा फोन आला, तो बोलत-बोलत इकडे-तिकडे दाबत होता. मग म्हणाला, "डन!" वहिनींनी शिरा केला. मी अर्जाची छापील प्रत घेऊन नाचत पौडला आले.

भाभींनी प्रत उलटसुलट पाहिली. "पोच कुटं हाय?"

"भाभी, ऑनलाइनला पोच नसते. मेसेज येतो."

"आला?"

"येईल."

"येईल म्हंजी न्हाई आला."

मी हसले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला म्हाताऱ्या माणसाच्या अडाणीपणाचं जे हसू येतं, तसं हसले. भाभींना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी विचारलं, मुदत कधीपर्यंत? मी म्हटलं, परवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेडला कुलूप लावलं. इद्दतीचे दिवस आणि ईद सोडून कामाच्या दिवशी ती शेड बंद राहिलेली कुणी पाहिली नव्हती. माझी छापील प्रत, तिच्या मागे सगळ्या दाखल्यांच्या झेरॉक्स, सगळं दोऱ्याने नीट टाचलेलं, आणि त्याची आणखी एक प्रत, असं घेऊन त्या मला म्हणाल्या, "चल. वाट तू दाव, मी कालेजात कदी गेले न्हाई."

महाविद्यालयाच्या कार्यालयात एक चष्मेवाले क्लार्क होते. त्यांनी समजुतीने सांगितलं, "आजी, ऑनलाइन भरलाय ना? मग आम्ही कागद घेत नाही."

"घेऊ नगा," भाभी म्हणाल्या. "पन तुमच्या हितं टपाल येतं का न्हाई? त्याला आवक शिक्का आस्तो का न्हाई? ह्ये टपालच हाय. मी हातानं आनलंय येवडंच."

"अहो, पण त्याचा काही उपयोग नाही."

"मग शिक्का मारायला तुमचं काय जातंय?"

आम्ही बाकावर बसलो. पंधरा मिनिटं झाली की भाभी उठून खिडकीशी जायच्या, काही न बोलता उभ्या राहायच्या आणि परत येऊन बसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्याच वयाची, जीन्समधली, शहरातली मुलं-मुली येत-जात होती आणि आमच्याकडे बघत होती. मी भाभींपासून हातभर सरकून बसले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण खरं आहे. जेवणाची सुटी झाली, संपली, आणि शेवटी त्या क्लार्कनी वैतागून शिक्का उचलला. क्रमांक, तारीख, सही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर तोंड करून बसले आणि भाभी तो शिक्का वाळला का ते बघत होत्या.

आठवड्याने मुलाखतीची यादी लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं. न निवडलेल्यांच्या यादीतही नव्हतं. नितीनदादाने फोन केला तेव्हा उत्तर आलं, या नावाचा अर्ज आलेलाच नाही. त्याने लॅपटॉप उघडून पाहिलं. अर्ज होता, सगळा भरलेला होता, पण शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. 'ड्राफ्ट' एवढंच लिहिलेलं होतं आणि मुदत संपली होती. दादा बिचारा फोनवर रडवेला झाला. अण्णा हातपाय धुऊन जेवले आणि म्हणाले, "रविवारी पाव्हन्यास्नी फोन करतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच धडकी भरली.

मी सकाळच्या पहिल्या बसने भाभींकडे गेले. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं नाही. कपाटातून पोच काढली आणि शेडला पुन्हा कुलूप लागलं.

प्राचार्या बाईंसमोर आम्ही उभ्या राहिलो. मी बोलायला तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. भाभींनी माझ्या मनगटाला धरलं. "रडू नगं, बाय. रडून बोललेलं कळत न्हाई मानसाला." मग त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "अर्ज मुदतीत आलाय. ही पोच." माझं लग्न, अण्णांची अट, गावाकडची परिस्थिती यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. प्राचार्या बाईंनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, क्लार्कना बोलावलं. क्लार्क दहा मिनिटांनी माझा दोऱ्याने टाचलेला अर्ज घेऊन आले, तो टपालाच्या गठ्ठ्यात होता तसाच होता. प्राचार्या बाईंनी हेतुपत्र तिथेच उभ्याने वाचलं. मग म्हणाल्या, "अर्ज आपल्याकडे मुदतीत आलेला आहे. हिला शेवटच्या दिवशीच्या मुलाखतीला घ्या."

मुलाखत घेणाऱ्या तिघांनी मला समाजसेवा आणि समाजकार्य यांत काय फरक, असं विचारलं. मी पाठ करून आणलेली व्याख्या साफ विसरले. मग मी त्यांना ती कातकरी म्हातारी आणि तिचे सहा कागद सांगितले. ते तिघं काहीतरी लिहून घेत होते. आठ दिवसांनी माझा नंबर लागला. निकालापर्यंत थांबवलेला फोन अण्णांनी पाव्हण्यांना खरंच केला, पण तो असा, "पोरगी शिकतीया. वाट बगू नगा." शब्दाचे पक्के म्हटलं ना.

भाभींशी माझी गाठ त्यानंतरही पडत राहिली. सुटीत गावी आले की मी बाकावर जाऊन बसायचे, त्या मला शिकवलेलं काय ते विचारायच्या, आणि बरंचसं त्यांना आधीच माहीत असायचं. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्या थोड्याशा आजाराने गेल्या. मी पोचेपर्यंत माती झाली होती. पुढे रस्ता रुंद झाला, त्यात शेडही गेली. मी आज एका रुग्णालयात टेबलामागे बसते आणि दिवसातून पंधरा वेळा उठून कुणासोबत तरी खिडकीपर्यंत जाते. ज्या बाईंच्या शेजारी बसायची मला एकदा लाज वाटली, त्यांच्यामुळे माझा जन्म सुधारला. त्यांचे आभार मी तोंडाने कधी मानले नाहीत. वेळ नव्हता असं नाही, सुचलं नाही.

पण भाभी म्हटलं की मला त्या शेडमधल्या आठवत नाहीत. आठवतात त्या माझ्या प्रवेशाच्या दिवशीच्या. अण्णांची पाळी होती, म्हणून त्या दिवशीही भाभीच सोबत आल्या होत्या. मूळ दाखले देऊन झाले, सह्या झाल्या, आणि त्या म्हणाल्या, "मी स्टापवर बसते, तू ये सावकाश." मी ओळखपत्राचा कागद भरत थांबले. तेच चष्मेवाले क्लार्क होते. त्यांनी विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण?"

"आमच्या गावाकडच्या."

"मघाशी तुम्ही आत होता ना, तेव्हा विचारत होत्या, ह्याला वयाची अट आहे का म्हणून. मी म्हटलं, वयाची नाही, पण बारावी लागते. तर म्हणाल्या, मग ऱ्हाऊ द्या. आणि माहितीपुस्तिका मागून नेली. नातीसाठी वगैरे हवी असेल."

भाभींना नात नव्हती. मी फाटकाबाहेर आले. रस्त्याच्या पलीकडे स्टॉपवर त्या बसल्या होत्या, पिशवी पायांशी, मांडीवर ती पुस्तिका. आमची पौडची बस आली, थांबली, दार उघडून निघूनही गेली. त्यांनी मान वर केली नाही. पहिल्या वर्षाचे विषय वाचून झाले असावेत, त्यांनी पान उलटलं. दुसरी बस आली आणि तीही गेली. मधली वाहनं कमी झाली, हाक मारली असती तर त्यांना सहज ऐकू गेली असती. त्यांचं वाचून होईपर्यंत मी रस्ता ओलांडला नाही.